नऊ दिवसांचा प्राथमिक अग्निशमन कोर्स: भरतीच्या आधी करावा का?

तीन वर्षं मी वेल्डिंगच्या कामावर फायर वॉच होते. म्हणजे वेल्डरच्या शेजारी पाण्याची बादली आणि एक लाल सिलिंडर घेऊन बसायचं, ठिणग्या कुठे पडतात ते बघायचं आणि काम थांबल्यावरही अर्धा-एक तास तिथून हलायचं नाही. बाकीचे जेवायला गेले की आपण एकटीने बसून राहायचं, अशी ती नोकरी. त्यामुळे अग्निशमन दलाच्या भरतीची तयारी करायचं ठरवलं तेव्हा मला वाटत होतं, आगीचं आपल्याला बऱ्यापैकी कळतं; धावणं आणि वजन उचलणं तेवढं सुधारलं की झालं. मैत्रिणीने फारच मागे लागून या कोर्सला नाव घालायला लावलं. पहिल्या दिवशीच्या पहिल्या अर्ध्या तासात माझा तोरा उतरला.

संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. काही तक्रारी आहेत, त्या मी त्यांना लेखी कळवल्यात, तेवढं पुरे. अशा प्राथमिक कोर्सचा साचा बराचसा सारखाच असतो, म्हणून कुठेही नाव घालण्याआधी काय बघावं, याला हे उपयोगी पडावं. माझं मत आधीच सांगते: कोर्स करण्यासारखा आहे, पण शिकवणाऱ्या माणसामुळे. साहित्य आणि वेळापत्रक बघितलं तर काठावर पास.

आमचे सर निवृत्त फायरमन. बोलता बोलता मध्येच थांबून हवेचा वास घेतल्यासारखं करायची त्यांना सवय. वर्गात आले, फळ्याकडे बघितलंही नाही, टेबलावर एक मेणबत्ती लावली आणि मला विचारलं, "काय जळतंय गं?"

"वात," मी म्हणाले. मागून कोणीतरी "मेण" म्हणालं.

सरांनी फुंकर मारून मेणबत्ती विझवली. वातीवरून पांढऱ्या धुराची बारीक रेघ वर निघाली. त्यांनी काडी पेटवून त्या रेघेला लावली, वातीच्या चांगली दोन बोटं वर. ज्योत रेघेवरून सर्रकन खाली उतरली आणि मेणबत्ती पुन्हा पेटली. काडी वातीला लागलीच नव्हती.

"जळते ती मेणाची वाफ. लाकडाचंही तेच, ते तापलं की वायू सोडतं आणि तो पेट घेतो. पेट्रोलचंही तेच. आता सांगा, खोलीत छतापर्यंत साचलेला काळा धूर म्हणजे काय?"

कोणी बोललं नाही.

"न जळलेलं इंधन. तुम्ही त्याच्या खाली उभे असता."

मी जरा शहाणपणा करून विचारलं, "मग निखाऱ्याचं काय, सर?" कारण निखारा माझ्या रोजच्या ओळखीचा. सर खूश झाले. निखाऱ्यात घन पदार्थच पृष्ठभागावर प्राणवायूशी जळत असतो, ज्वाळा लागत नाही, धूरही फार दिसत नाही, म्हणून तो भुशात किंवा कापसाच्या बोळ्यात तासन् तास दबा धरून बसतो. वेल्डिंग थांबल्यावर बसवून ठेवतात ते यासाठी. तीन वर्षं मी नियम म्हणून बसत होते, कारण मला त्या दिवशी कळलं.

या एका मेणबत्तीवर सरांनी पुढचे दोन दिवस चालवले. इंधन, उष्णता, प्राणवायू हा त्रिकोण सगळ्यांना शाळेपासून माहीत असतो. चौथी बाजू म्हणजे ज्वाळेतली रासायनिक साखळी, आणि ड्राय पावडर आग इतकी पटकन का पाडते याचं उत्तर मुख्यतः या साखळीत आहे. हवेत प्राणवायू 21 टक्के. तो 15-16 टक्क्यांच्या आसपास उतरला की बहुतेक ज्वाळा तग धरत नाहीत. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगी लागली तर पेटेल इतकी वाफ ज्या तापमानाला सुटू लागते तो, उणे 40 अंशांच्या आसपास, डिझेलचा 50 च्या वर. म्हणजे पेट्रोल सांडलं की कुठल्याही हवामानात त्याची वाफ पेटायला तयारच असते, डिझेलला आधी तापावं लागतं. परीक्षेला हे पाठ करतात. सरांनी ते गळती झालेल्या गाडीजवळ कुठल्या बाजूने जायचं, या प्रश्नाला जोडून सांगितलं, म्हणून डोक्यात राहिलं. (वारा पाठीवर घेऊन, उंचावरच्या बाजूने. वाफ हवेपेक्षा जड, ती उतारावर वाहत जाते.)

पाण्याचा हिशोबही असाच. 1 लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळजवळ सातपट उष्णता त्याची वाफ करायला लागते. आगीची धग शोषली जाते ती वाफ होताना. जमिनीवरून वाहून गेलेलं पाणी बहुतेक फुकट. आणि वाफ झाली की त्याच पाण्याचं आकारमान सुमारे 1700 पट होतं. बंद खोलीत उत्साहाने पाणी मारत सुटलात तर ती वाफ तुमच्याच अंगावर येते, आणि भिजलेल्या जॅकेटच्या आत वाफेने भाजतं ते वेगळंच. म्हणून छताकडे छोटे छोटे फवारे, मध्ये थांबून बघायचं. "मारा, थांबा, बघा," एवढंच सर ओरडायचे.

आता छापील पुस्तिकेबद्दल. वाईट आहे. आगीच्या वर्गांचा तक्ता दोन वेगवेगळ्या पद्धती मिसळून छापलाय. आंतरराष्ट्रीय पद्धतीत ए म्हणजे लाकूड-कागद-कापड, बी द्रव, सी वायू, डी धातू, एफ स्वयंपाकाचं तेल; विजेला स्वतंत्र अक्षरच नाही. अमेरिकेतल्या पद्धतीत वायू बी मध्येच धरतात, सी म्हणजे वीज आणि स्वयंपाकाच्या तेलाला के. पुस्तिकेत वरच्या ओळीला एक पद्धत, खालच्या ओळीला दुसरी. एका मुलाने सराव परीक्षेत सी म्हणजे वीज लिहिलं आणि त्याचे गुण कापले, आणि तो बिचारा पुस्तिकेप्रमाणेच बरोबर होता. तुमच्याकडे कुठली पद्धत चालते ते आधी पक्कं करा आणि पुस्तिका बाजूला ठेवा.

तिसऱ्या दिवशी एक्स्टिंग्विशर. इथे माझं भांडण झालं. प्रत्येकाला एकच सिलिंडर मिळणार होता आणि माझ्या वाट्याला जो आला त्याचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्याच्या खाली, लाल भागात. मी तसं सांगितलं. मदतनीस म्हणाला, "चालतंय, मॅडम, मारा." पिन काढली, नळी ट्रेमधल्या ज्वाळेच्या बुडाशी धरली, दांडा दाबला. फुस्स. पिठाची एक पिचकारी माझ्या बुटांवर आणि मग काही नाही. समोर पेट्रोलचा ट्रे भडकलेला. सरांनी स्वतःच्या सिलिंडरने तो विझवला आणि नंतर त्या मदतनिसाला बाजूला घेऊन जे काय बोलायचं ते बोलले. मला बदली सिलिंडर मिळाला नाही. प्रशिक्षण केंद्रात हे घडावं याला काय म्हणायचं? मी कामावर दर सोमवारी काटा बघायचे.

सर मात्र त्यातूनही धडा काढायला चुकले नाहीत. पावडरमध्ये दाब गेलेला नसला तरी ती एका जागी उभी राहून बुडाशी दगडासारखी बसू शकते. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला बहुधा काटाच नसतो, तो भरलेला आहे की नाही हे वजन करूनच कळतं. आणि 6 किलोचा पावडर सिलिंडर सलग दाबला तर 15-20 सेकंदांत संपतो. म्हणजे पिन काढण्याआधी आपल्या पाठीमागे दरवाजा आहे ना, हे बघायलाच हवं. कार्बन डायऑक्साइड मारताना पुढचं काळं भोंगं हाताने धरायचं नाही, त्याची मूठच (हँडल) धरायची. आतून निघणारा बर्फ उणे 78 अंशांचा. शिवाय तो वायू आग घुसमटवतो, तापलेली वस्तू फारशी थंड करत नाही, म्हणून विझल्यावर पाठ फिरवलीत की पुन्हा पेटू शकतं. आमच्यासमोर पेटलंच. एका मुलाने "झालं" म्हणून मागे वळून सरांकडे बघितलं आणि त्याच्या मागे ज्वाळा.

त्याच दिवशी तेलाच्या पातेल्यात पाणी ओतल्यावर काय होतं ते दाखवलं. लांब दांड्याला बांधलेला एक पेला, त्यात जेमतेम घोटभर पाणी. तेल आधीच पेटलेलं. पाणी तेलाखाली जातं, तिथे क्षणात त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटतं तेल वर उडवते. ज्वाळा सरांच्या डोक्याच्या दुप्पट उंच गेली. मग सरांनी दुसऱ्या पेटलेल्या पातेल्यावर, बाजूने सरकवत, नुसतं झाकण ठेवलं, खालचा गॅस बंद केला आणि दहा मिनिटं कोणाला हात लावू दिला नाही. त्या झाकणाला मी माझ्या नऊ दिवसांतला सगळ्यात शांत प्रसंग म्हणेन.

होजचे दोन दिवस अंगाला दुखणं देणारे, पण चोख. होज गुंडाळणं, उलगडून फेकणं, कपलिंग जोडणं, पीळ काढणं. वाचताना हे काहीच वाटत नाही. 63 मिलिमीटरच्या, 15 मीटर लांबीच्या होजमध्ये पाणी भरलं की नुसतं पाणीच 47 किलोच्या आसपास होतं. रिकामा होज मी एका हाताने ओढत होते. भरल्यावर तो जमिनीला खिळल्यासारखा. मग सगळ्यांनी मिळून तो कोपऱ्यापाशी आधीच वळवून ठेवायला शिकलो, कारण भरल्यावर वळत नाही. 20 मिलिमीटरच्या नोझलमधून 5 बार दाबाने सेकंदाला सुमारे 10 लिटर पाणी जातं आणि ते नोझल तुम्हाला मागे जवळपास 32 किलोच्या जोराने ढकलतं. माझं स्वतःचं वजन 52. एकटीने धरता येतं का? येतं, थोडा वेळ, गुडघा वाकवून, होज कुशीत दाबून, मागचा पाय रोवून. पण पुढे चालता येत नाही. मागे दुसरा माणूस लागतो आणि त्याचं काम तुम्हाला ढकलण्याचं नसून होजचा रेटा स्वतःच्या अंगावर घेण्याचं असतं. माझ्या मागे जो मुलगा होता तो पहिल्या दिवशी मलाच ढकलत होता.

नोझल झटकन बंद केलं की काय होतं तेही एकदा करून बघायला लावलं, कमी दाबावर. होजमधून ठण्णकन धक्का मागे पंपापर्यंत गेला. पाण्याला एकदम थांबता येत नाही. सावकाश उघडा, सावकाश बंद करा, हे मग कोणाला दोनदा सांगावं लागलं नाही.

गाठी छान शिकवल्या. क्लोव्ह हिच, बोलाइन, आठाची गाठ, जाड आणि बारीक दोर जोडायची शीट बेंड. आधी डोळे उघडे, मग बंद, मग जाड हातमोजे घालून. मोजे घातल्यावर अर्धा वर्ग पुन्हा पहिलीत. शिडीला मात्र जेमतेम दोन तास. पाया भिंतीपासून उंचीच्या चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे साधारण 75 अंशांचा कोन, आणि चढताना तीन ठिकाणी पकड, एवढं सांगून झालं. मी दोनदाच वर गेले. भरतीत शिडी असते ठिकठिकाणी, मग असं का? पंपाचा तास तर वाचून दाखवण्यात गेला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

सातवा आणि आठवा दिवस श्वसनयंत्राचा, ज्याला सगळे बीए सेट म्हणतात. कोर्सचा जीव इथे आहे.

आधी मास्क. मास्क चेहऱ्याला घट्ट बसला नाही तर बाकी सगळं व्यर्थ. दाढी राखलेल्या तिघांना सरांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं. एकजण तरी ऐटीत दाढी घेऊन आला, मास्क लावून हवा बंद करून श्वास ओढला आणि कडेने फुर्र आवाज. तो गेला, गुळगुळीत होऊन आला. माझी अडचण वेगळी: केसांची बट पट्ट्याखाली आली की मास्क गळतो, आणि उपलब्ध मास्क सगळे एकाच मापाचे, माझ्या चेहऱ्याला मोठे. पट्टे पार शेवटच्या दातापर्यंत ओढून कसाबसा बसला. लहान चेहऱ्याच्या मुलींनी नाव घालण्याआधी मास्कची मापं विचाराच.

मग हवेचा हिशोब. आमचा सिलिंडर 6 लिटरचा, 300 बारचा. म्हणजे ढोबळमानाने 1800 लिटर हवा. मिनिटाला 40 लिटर धरले तर 45 मिनिटं. हा झाला कागद. हवा संपत आल्याची सेटची शिट्टी 50-55 बारला वाजते आणि ती उरलेली हवा राखीव, तिच्या भरवशावर कामाचं नियोजन करायचं नाही. प्रत्यक्षात मी आत गेले तेव्हा काटा 270 ला होता.

धुराची खोली म्हणजे नाटकात वापरतात तसल्या निरुपद्रवी धुराने भरलेले चार खण, अंधार, मध्ये खाटा, टायर, एक लोंबकळणारी तार आणि कुठेतरी, अडकलेल्या माणसाच्या जागी, शोधून काढायचा 40 किलोचा बाहुला. जोडीने जायचं. डावा हात भिंतीला, तो सुटता कामा नये. म्हणजे कितीही वळणं घेतली तरी त्याच भिंतीने परत दारात. उजव्या हाताने समोर चाचपायचं, हाताची पालथी बाजू पुढे करून. विजेची तार लागली तर स्नायू आखडून मूठ मिटते. तळवा पुढे असेल तर ती तारेवरच मिटते.

मला अंधाराची भीती वाटत नाही असं मी समजत होते. आत गेल्यावर स्वतःच्या श्वासाचा आवाज इतका मोठा येतो की दुसरं काही ऐकू येत नाही. तिसऱ्या खणात माझ्या पायाला काहीतरी मऊ लागलं. बाहुला! मी दोन्ही हातांनी त्याला ओढायला गेले. म्हणजे भिंत सोडली. तो टायर निघाला. आणि आता भिंत कुठे? मी हात पसरले तर तिथे हवा. जोडीदाराने माझा पट्टा धरून ठेवला होता आणि त्याने भिंत सोडली नव्हती, म्हणून मी परत लागले. त्याने पट्टा धरला नसता तर मी चार बाय पाचच्या खोलीत हरवले होते.

11 मिनिटांनी सरांनी बाहेर बोलावलं आणि काटा वाचायला सांगितला. 150. "कर हिशोब," म्हणाले. 120 बार गेले, गुणिले 6, म्हणजे 720 लिटर, 11 मिनिटांत. मिनिटाला 65 लिटर. "आता तू सगळ्यात आत असतीस आणि परत यायलाही 11 मिनिटं लागली असती, तर?" 150 मधून 120 गेले की उरले 30. शिट्टी त्याच्या आधीच, वाटेतच वाजली असती. मी पुढे काही बोलले नाही. कागदावरची 45 मिनिटं माझ्यासाठी कधीच नव्हती.

धूर वाचायला शिकवलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटलं. धूर किती आहे, किती वेगाने येतोय, किती दाट, कोणत्या रंगाचा. छताखालचा थर झपाट्याने खाली येऊ लागला, त्यात ज्वाळांच्या जिभा धावू लागल्या, आणि जमिनीजवळच्या वस्तूंतूनही धूर निघू लागला, तर खोली एका दमात पेटण्याच्या बेतात असते. छताजवळ तेव्हा 500-600 अंश असतात. फ्लॅशओव्हर म्हणतात तो हाच. याच्या उलट, काचा आतून काळ्या, ज्वाळा दिसत नाहीत, दाराच्या फटीतून धूर बाहेर येतो आणि पुन्हा आत ओढला जातो, जणू इमारत श्वास घेतेय, तर ते दार उघडायचं नाही. आत इंधन आणि धग दोन्ही तयार आहे, कमी आहे ती फक्त हवा, आणि ती तुम्ही देणार. पहिल्या दिवशीची मेणबत्ती इथे परत आली.

पण हे सगळं आम्ही पडद्यावर बघितलं. माहितीपत्रकात "प्रत्यक्ष फ्लॅशओव्हर प्रात्यक्षिक" असं स्पष्ट छापलं होतं. विचारल्यावर कळलं की कंटेनर दुरुस्तीला आहे. कधीपासून, ते कोणी सांगेना. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. पडद्यावरच्या धुराला धग नसते. आणि विषारी वायूंवर अर्धाच तास दिला, हेही मला खटकलं. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. फोमच्या गाद्या जळल्या की हायड्रोजन सायनाइडही निघतो. आग विझल्यावर, नुसती धुगधुग चालू असताना मास्क काढायची घाई करतात त्यांच्यासाठी हा विषय पूर्ण दिवसाचा आहे.

ज्यांना फक्त प्रमाणपत्र हवंय त्यांनी जाऊ नये. हे प्रमाणपत्र म्हणजे भरतीचा परवाना नाही, आणि नऊ दिवसांत कोणी फायरमन होत नाही. शरीर आधीच तयार करून जा. सेट, जॅकेट, बूट, हेल्मेट मिळून 20 किलोंच्या वर जातं, आणि ते घालून जिने चढताना धड्याकडे लक्ष राहत नाही. नाव घालण्याआधी विचारा: प्रत्येकाला किती एक्स्टिंग्विशर, धुराच्या खोलीत किती फेऱ्या, खरी आग दाखवणार की पडदा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे बघा.

शेवटच्या संध्याकाळी मी सरांकडे आणखी एक फेरी मागितली. त्याच खोलीत, तेवढीच 11 मिनिटं. हात भिंतीवर, श्वास सोडताना मनात आकडे मोजत. या वेळी 85 बार गेले. बाहुलाही सापडला, खाटेखाली. पुढच्या बॅचला बीए सेटच्या दोन दिवसांपुरतं पुन्हा येऊ का, असं विचारलं तेव्हा सर हो म्हणाले. अट एकच घातली, संध्याकाळी होज धुऊन वाळत घालायला थांबायचं.